रिकाम्या गावाची हवा

माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला प्रसादाच्या शिऱ्यातही खडा सापडतो. त्या रागाने म्हणायच्या, पण पुढे माझं पोट त्याच स्वभावावर चाललं. शहरं हवा स्वच्छ करण्यासाठी जे आराखडे आखतात, ते खरोखर कामाला आले की नाही हे तपासून सांगणं हा माझा उद्योग. नाशिकहून निघायचं, कुठल्या तरी नगरपालिकेत जायचं, चहा नाकारायचा आणि कागदावर स्वच्छ झालेली हवा रस्त्यावर कुठे सापडते का ते बघायचं. या उद्योगात मी काय काय पाहिलंय! हवा मोजायचं यंत्र बागेत कारंज्याशेजारी बसवलेलं पाहिलंय. मोजणीच्या दिवशी यंत्राभोवतीच्या रस्त्यावर पहाटेपासून टँकरने पाणी मारणारी माणसं पाहिली आहेत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पिते.

त्यामुळे साळखोलचा आराखडा हातात आला तेव्हाच माझ्या भुवया वर गेल्या. (गावाचं खरं नाव साळखोल नाही. तिथल्या माणसांना माझ्यामुळे त्रास नको.) मालवणच्या बाजूचं, खाडीकाठचं हे गाव, चार वाड्या जोडून हल्लीच नगरपंचायत झालेलं. त्यांच्या आराखड्यात एकच मोठा उपाय होता. वस्तीतल्या काजूच्या घरगुती भट्ट्या बंद करायच्या. दसऱ्यानंतर त्या बंद केल्या, मार्गशीर्षात पुन्हा हवा मोजली, आणि हवेतली धूळ-काजळी निम्म्याच्याही खाली आली! इतका झकास निकाल मी एकाही शहरात पाहिला नव्हता. माझा अहवाल अनुकूल आला की भट्ट्या कायमच्या बंद होणार होत्या आणि हाच नमुना किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांनाही लागू होणार होता. मी पिशवी भरली आणि पौषातल्या थंडीत कोकणगाडीत बसले.

वैभववाडीला जाग आली. गाडी थांबली होती आणि दारातून गार, ओली, झाडपाल्याच्या वासाची हवा आत येत होती. मागे सह्याद्री निळा उभा, पुढे उतरत गेलेल्या काजूच्या बागा. फलाटावरचे दोघं-तिघं कुडकुडत चहा पीत होते. मी छाती भरून श्वास घेतला आणि लगेच मनात आलं, हवा इतकी चांगली असताना इथे आराखडा कोणाला कशासाठी लागतो? कुडाळला उतरले तर एक हसऱ्या चेहऱ्याचा रिक्षावाला थेट माझ्यापुढे येऊन उभा.

"देवबागाक ना, मॅडम? बसा."

"तुम्हाला कसं कळलं मी देवबागला जाणार ते?"

"तुमीच काल फोन केल्यात ना? मी बाबल. माज्याकडेच तुमची खोली आसा."

पहिलीच चाल फुकट गेली. मी रिक्षात बसले.

रस्ता सुंदर होता. मांगरांची (शेतावरची कौलारू घरं) लाल छपरं, मधेच भाताची कापलेली शेतं, मग पुन्हा काजू. फक्त जांभ्या चिऱ्यांनी भरलेले डंपर एकामागून एक येत होते आणि दरवेळी बाबल रिक्षा कडेला घेऊन धूळ बसायची वाट पाहत होता. कडेच्या काजूची पानं तांबडी झाली होती. आराखड्यात या डंपरांचा उल्लेख एका ओळीत होता, तोही शेवटून दुसऱ्या पानावर. तारकर्ली मागे पडली, रस्ता निमुळता होत गेला आणि देवबाग आलं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. नारळांखाली होड्या, होड्यांपलीकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या मोटारबोटींची घरघर. बाबलच्या बायकोने, म्हणजे वैनीने (वहिनी), तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि सोलकढी वाढली. तिसऱ्या ताज्या आहेत का, असं मी विचारलं. ती आत गेली आणि ओल्या वाळूसकट उरलेल्या तिसऱ्यांची टोपली माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. पुढे चार दिवस मी जेवणाबद्दल प्रश्न विचारला नाही.

माझ्याजवळ हातात मावणारं एक छोटं मोजयंत्र असतं. सकाळी ओसरीवर बसून ते सुरू केलं तर आकडा भराभर वर! मी चपला अडकवून माग काढत निघाले. घराला वळसा घालून मागच्या अंगणात पोचले, तर वैनी चुडतं (नारळाच्या सुक्या झावळ्या) जाळत होती आणि वर भलं मोठं तपेलं चढवलेलं होतं.

"रोज इतका धूर करता?" मी दरडावून विचारलं.

"रोज नाय ओ. तुमच्याच आंगोळीचा पाणी तापता," वैनी म्हणाली.

आंघोळ करून मी साळखोलला गेले. नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांनी उठून स्वागत केलं. तरुण, टापटिपीचे, घाटावरून नुकतेच, दुसऱ्या मोजणीनंतर, बदलून आलेले. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर मधोमध रिकामी जागा आणि खिळा होता. ही जागा कशासाठी, असं विचारल्यावर ते थोडे लाजले. किनाऱ्यावरच्या स्वच्छ हवेचा पुरस्कार यंदा साळखोलला मिळेल असं त्यांना वाटत होतं. फ्रेमच्या आधी खिळा ठोकणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

त्यांच्या हाताखाली गावडे नावाचे लिपिक होते, इथलेच. त्यांनी मला मासळी बाजाराच्या गच्चीवरचं यंत्र दाखवलं. आधीची मोजणी नवरात्रापूर्वी, भट्ट्या चालू असताना. नंतरची मार्गशीर्षात, भट्ट्या बंद असताना. जागा तीच, उंची तीच. आजूबाजूला कारंजं नाही, बाग नाही. मी यंत्राभोवती फिरले, वाकले, खालून बघितलं. गावडे छत्री धरून माझ्यामागे फिरत होते, ऊन लागू नये म्हणून. इतकी सेवा कोणी उगाच करत नाही.

मग मी बाजारात उतरले. माझी एक पद्धत आहे. मोजणीच्या दिवसांत तिथे काय चाललं होतं, ते यंत्राला नाही, माणसांना विचारायचं. एका मासेवालीसमोर बसले, बांगडे उलटेपालटे केले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मार्गशीर्षात वर ते यंत्र चालू होतं ना, तेव्हा इथे धूरबिर होता का हो?"

"काय म्हायत नाय बाय. आमी तेवा हंय नव्हतंव," ती म्हणाली. (हंय म्हणजे इथे.)

चहावाल्याला विचारलं. तो दूध ढवळत म्हणाला, "आमी नव्हतंव हंय."

पलीकडे एक शिंपी बसला होता. त्यालाही तेच विचारलं.

"आमी भायर होतंव."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"भायर म्हणजे भायर," असं म्हणून त्याने मशीन सुरू केलं.

माझा चेहरा तेव्हा उजळला असणार. तीन माणसं, तीन धंदे आणि उत्तर अक्षरशः एक! पढवलेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले आहेत, पण इतके एकसुरी पहिल्यांदाच. कोणीतरी अख्ख्या बाजाराला शिकवून ठेवलं होतं. पढवलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारून उपयोग नसतो, तो सावध होतो. म्हणून मी पुढचं विचारलंच नाही.

आता भट्ट्या खरोखर बंद आहेत का, ते बघायचं होतं. बाजारामागच्या पाणंदीत (दोन कुंपणांमधली अरुंद वाट) भट्टीवाल्या सुमनकाकीचं घर होतं. साठीच्या पुढची, काटक, कपाळाला आठ्या. मागच्या अंगणात मातीची भट्टी, वर अर्ध्या पिंपाची कढई, आणि तिला तारेने बांधलेला नगरपंचायतीचा कागद. काकी शेजारीच पाटावर बसून काजू फोडत होती. स्वतःचे नव्हे, लांबच्या कारखान्यातून वाफवून आलेल्या बिया, ती फोडून द्यायची. बोटं टरफलांच्या तेलाने काळी पडलेली.

"खंयसून इल्यात?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाशिकहून आले."

"कोणी धाडल्यान?"

"ऑफिसने. आराखडा तपासायला."

"भट्टी मेली काय ती बगूक? बगा तर. पेटणा नाय ती आता."

मी तारेची गाठ तपासली, राखेत काडी घातली. राख जुनी, दबलेली. काकी माझ्याकडे बघत होती, जशी मी इतर सगळ्यांकडे बघते तशी. तिने चहा विचारला नाही. गावोगावी चहा नाकारणाऱ्या मला त्याचं वाईट वाटावं, याचं मलाच नवल वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या ओसरीवर एक लहान मूल खोकलं. काकीचे हात थांबले.

"आयकल्यात? सगळे म्हणतत, माज्या धुरान झालो तेका खोकलो. पयली कोण काय बोला नाय. मशीनीन हवा मोजल्यान नि भट्टी बंद केल्यार हवा सुदारली म्हणान सांगल्यान, तसा सगळ्यांचा त्वांड फिराला. बोलणा टाकल्यानी माज्याशी." मग हळूच म्हणाली, "मशीन खोटा कशाक बोलात? आसतला माजाच पाप."

ही बाई एक तर फार उत्तम नटी होती, नाही तर खरं बोलत होती. मी दोन्ही शक्यता मनात ठेवल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी बाबलला म्हटलं, गावाच्या हद्दीभोवती रिक्षा फिरव. भट्ट्या गावात बंद असतील, पण काजू भाजायचं कोणी थांबलं असेल यावर माझा विश्वास नव्हता. खाडीवरचा पूल ओलांडला, माडांच्या बागेतून कच्च्या रस्त्याने आत गेलो आणि मी ओरडले, "थांबव!"

समोर झोपड्यांची रांगच्या रांग. झापांच्या (विणलेल्या नारळाच्या झावळ्या) भिंती, झापांचीच छपरं, काही आता कलंडलेल्या. माणूस एकही नाही. आणि प्रत्येक झोपडीपुढे तीन दगडांची चूल, काळीकुळकुळीत. मी चालत गेले, चालत राहिले, चुली संपेनात. हद्दीपासून हाकेच्या अंतरावर, गावाच्या नजरेआड! गावातल्या भट्ट्या इथे आणून लपवल्या होत्या तर. मी फोटो काढत सुटले. राख चाळली, पण काजूचं एकही टरफल मिळालं नाही. मनात म्हटलं, काय सफाईने पुरावा नाहीसा केलाय!

"मॅडम, कित्याक फोटो काडतास ह्यांचे?" बाबल रिक्षातून म्हणाला.

"असंच. छान दिसतंय म्हणून."

बाबलला मी सांगितलं नाही. माणूस चांगला होता, पण तोही इथलाच.

तिथून मी तडक सुमनकाकीच्या अंगणात गेले. तिला बोलण्यात पकडायचं ठरवलं होतं. फोन तिच्यापुढे धरला आणि जरबेने विचारलं, "काकी, या भट्ट्या कोणाच्या?"

तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, फोन लांब धरला. आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"अगो, ही माजी चूल! हो बग, हो माजो खोप. नि ह्या हंय, ह्या दगडार, आमी बांगडे भाजलेले. वारो इतको की इस्तो उडा." (इस्तो म्हणजे निखारा.) तिने शेजारच्या सुनेला हाक मारली, मग बोलणं टाकल्याचं आठवून गप्प झाली. "गावपळण गो ही. तुका म्हायत नाय गावपळण?"

मला माहीत नव्हती. या बाजूच्या काही गावांची ही जुनी रीत. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवताला कौल लावतात, देवाने होकार दिला की अख्खं गाव वेशीबाहेर जातं. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घराला कडी घालून तीन दिवस बाहेर खोपटी बांधून राहायचं. त्या दिवसांत गावात माणूस थांबत नाही, चूल पेटत नाही, गाडी फिरत नाही. गाव देवाच्या ताब्यात. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि परत यायचं. काकी सांगत होती, फुगड्या कशा घातल्या, खाडीत जाळी कशी टाकली, कोणाची म्हैस रात्री कशी हरवली. मी मधेच विचारलं, "यंदा कधी झाली?"

"मार्गशीर्षात."

मी तिथीवरून तारखा लावून घेतल्या, तिच्याकडून दोनदा वदवून घेतल्या, कारण माझा माझ्यावरही विश्वास नाही. तेच दिवस. बाजाराच्या गच्चीवर यंत्राने हवा मोजली ती त्याच तीन दिवसांत. मासेवाली इथे नव्हती, चहावाला इथे नव्हता, शिंपी बाहेर होता. तिघंही मला पूर्ण खरं सांगत होते आणि मी त्यांना लबाड ठरवून मोकळी झाले होते.

मी काकीला सगळं सांगितलं. आधी ती हसली. तोंडाला पदर लावून बराच वेळ हसली. मग हसू थांबलं आणि ती उभी राहिली.

"म्हणजे गाव रिकामो असताना हवा मोजल्यानी? डंपर नाय, गाडी नाय, कोणाची चूल नाय. सगळो गाव भायर, नि नाव माज्या एकट्या भट्टीचा?"

तिचा आवाज शेजारच्या ओसरीपर्यंत जावा इतका वर गेला होता. तो तिने मुद्दामच चढवला असावा, असं मला वाटलं. आणि बरंही वाटलं.

नगरपंचायतीत मी गावड्यांना दार लावायला सांगितलं. आता लबाडी बाहेर निघणार, या खात्रीने खुर्ची पुढे ओढली. मोजणीचे दिवस कोणी ठरवले, असं विचारल्यावर ते अभिमानाने म्हणाले, "मीच सुचवले, मॅडम. पहिल्या मोजणीला फार त्रास झाला. लोक यंत्रावर जाळी वाळत घालायचे, पोरं खडे मारायची. मोजणी करणाऱ्या कंपनीचे अभियंते वैतागले. म्हणाले, यंत्राला कोणी हात लावणार नाही असे तीन दिवस मला द्या. मी म्हटलं, गावपळणीत लावा. गावात चिटपाखरू नसतं. शिवाय देव राखण करतो."

"आणि त्यांना सांगितलंत, की त्या दिवसांत गावात कोणीच नसेल?"

गावडे गोंधळले आणि ऑफिसची मराठी त्यांच्या तोंडून निसटली. "ता काय सांगूचा, मॅडम? तेंका म्हायत आसतला असाच वाटला माका. सगळ्यांकाच म्हायत आसा."

अभियंता मालवणात राहिला होता. आधी येऊन यंत्र लावून गेला, नंतर येऊन काढून नेलं. मधे गाव गेलं आणि परत आलं, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. कोणी पैसे खाल्ले नव्हते, कोणी आकडा फिरवला नव्हता. खरं सांगते, मला वाईट वाटलं. लबाडी सापडली की काम सोपं होतं. मदतीच्या भरात झालेल्या चुकीवर ओरडायचं तरी कोणावर?

मुख्याधिकारी ऐकून पांढरे पडले. "पण मॅडम, आकडे तर खरे आहेत ना?"

"आकडे अगदी खरे आहेत, साहेब. फक्त त्यात गाव नाही."

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे एकदा बघितलं. मग, त्यांच्याबद्दल हे लिहायलाच हवं, त्यांनी स्वतःच विचारलं की पुन्हा मोजायचं कसं. ठरलं असं: आधी गाव घरात, भट्ट्या बंद, मग गाव घरात आणि काही भट्ट्या चालू. मी मुक्काम वाढवला. वैनीने न विचारता पाणी तापवायचं बंद केलं आणि मी थंड पाण्याने आंघोळ करायला शिकले.

पहिल्या मोजणीचा निकाल आला तसा गावड्यांचा चेहरा उतरला. भट्ट्या बंद, पण गाव घरात असताना बाजाराची हवा जवळजवळ पूर्वीइतकीच मळकी होती. डंपर जात होते, बाजारामागे रोज कचरा जाळला जात होता, हॉटेलांच्या चुली पेटत होत्या. आता भट्टी पेटवून बघायची होती. मी काकीकडे गेले तर तिने साफ नाही म्हटलं.

"पेटवतलंय नि तुमी फोटो काडून केस घालतल्यात. तुमी फोटो काडणारी बाई."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मी फोन काढून तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला, आत नेऊन देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या करंड्यामागे ठेवला, आणि मगच तारेची गाठ सोडली.

भट्टी पेटली. बिया तापल्या, त्यांचं तेल सुटलं आणि कढईतून भक्कन ज्वाळा उठली. आणि मग धूर. मी शहरांमध्ये पुष्कळ धूर गिळलाय, पण हा वेगळा. काळा, तिखट, डोळ्यांत मिरची गेल्यासारखा. मी मागे सरले. काकी सरली नाही. लोखंडी सळीने बिया हलवत ती तोंड उघडं ठेवून तिथेच उभी, मधेच खालच्या आवाजात खोकत. मी माझं छोटं यंत्र तिच्या नाकाच्या उंचीवर धरलं. आकडा वर चढत गेला आणि शेवटाला जाऊन अडकला.

गच्चीवरच्या यंत्राला या भट्टीचा फारसा पत्ता लागला नाही, कारण खाडीवरचा वारा धूर वरच्यावर उडवून नेत होता. शेजारच्या ओसरीवर मात्र तो पोचत होता, थोडा का होईना. आणि काकीच्या छातीत तर सगळाच जात होता. आराखड्याने गावाची हवा मोजली, बाजाराची मोजली. भट्टीपुढे उभ्या असलेल्या बाईची हवा मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तोपर्यंत माझ्याही नाही.

आग विझल्यावर काकीने विचारलं, "मगे? पेटयत रवू काय बंद करू?"

"बंदीला आधार उरला नाही, हे मी लिहिणार. ती उठेल. पण हा धूर वाईट आहे, हेही लिहिणार. धुराडं उंच करून हवं, तोंडाला फडकं हवं. आणि त्या पोराच्या खोकल्यात तुमच्या धुराचा वाटा अजिबात नाही, असं मला म्हणता येणार नाही."

"म्हणजे तू आमच्यावांगडा नाय." (आमच्या बाजूची नाहीस.)

"मी कोणाच्याच बाजूची नसते, काकी."

"मगे तुका जेवक कोण वाडता गो?" असं म्हणून ती आत गेली आणि उकड्या तांदळाची पेज, वर मिठातल्या आंब्याची फोड घेऊन आली. तपासणीच्या गावात कोणाच्या घरचं काही घ्यायचं नाही, हा माझा नियम मी तिथे मोडला. पेज कढत होती, ती मात्र फुंकूनच प्यावी लागली. पीत असताना शेजारची सून कुंपणापाशी आली आणि काकीकडे मूठभर मीठ मागितलं. तिच्या घरात मीठ नसेल यावर माझा विश्वास नाही. काकीने वाटी भरून दिली.

निघताना मी काकीकडून वचन घेतलं, भट्टीपुढे उभं राहताना फडकं बांधायचं. ती म्हणाली, देवाची आण. बाबलने कुडाळला सोडलं आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला. मला वाटलं, काही मागायचं असेल. त्याने काही मागितलं नाही.

नाशिकला उतरले तेव्हा चौकातल्या फलकावर आमच्या शहराची हवा हिरव्या अक्षरांत झळकत होती. पूर्वी मी यंत्राची जागा बघायचे, उंची बघायचे, टँकर शोधायचे. आता पहिला प्रश्न वेगळाच मनात येतो: हा आकडा मिळाला तेव्हा माणसं कुठे होती? सुट्टी होती का, जत्रा होती का, शहर गावाला गेलं होतं का? आणि माणसं घरात असताना नेमकं कोणाच्या नाकापाशी मोजलं? हवा स्वच्छ करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे माणसं काढून टाकणं. काही आराखडे वेगळ्या शब्दांत तेवढंच करत असतात, अशी मला हल्ली शंका येते.

बंदी उठल्याचं कळलं त्यानंतर काही दिवसांनी फोन वाजला.

"गो बाय! पेटयलंय भट्टी!" मागे बिया तडतडत होत्या.

मला फार आनंद झाला. मग शंका आली. "तोंडाला फडकं बांधलंय ना?"

"बांदलंय गो, देवाची आण."

तिचा आवाज खणखणीत, मोकळा, अक्षरन् अक्षर स्पष्ट. फडक्याआडून माणसाचा आवाज असा येत नाही.

"काकी, खोटं बोलताय."

पलीकडे ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. लांब, आतून येणारा.

"बांधा," मी म्हटलं. "मी थांबते. फोन ठेवणार नाही."

काहीतरी आदळलं, पदर की साडीचा तुकडा फाडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ती पुन्हा बोलू लागली. आवाज दबका, घोगरा, निम्मे शब्द आतल्या आत राहिलेले. मला शिव्या देत होती की जेवायला ये म्हणत होती, एक अक्षर कळलं नाही. पण तिने सांगितलेल्या इतक्या गोष्टींमध्ये हीच एक अशी होती, की जिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.